लाजरी पाणकोंबडी बोलत नाही

३ जुलै
सकाळी गॅलरीतून लाजरी पाणकोंबडी (इथून पुढे ला.पा., हात दुखतो). कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीमागच्या नाल्यात, पाणकणसांच्या उंच गवताच्या कडेला. पाठ काळपट, तोंड ते पोट पांढरं स्वच्छ, शेपटीखाली विटकरी. दर पावलाला शेपूट वर. मागे जोडीदार आणि काळी पिल्लं, काजळात बुडवलेल्या कापसासारखी. माझ्या कपाची किणकिण झाली की सगळे गडप. फोटो एकही नाही. पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर सगळ्यांकडे आहे, माझ्याचकडे नाही.

४ जुलै
शेजारचे शेखचाचा. काचबिंदूने दृष्टी गेली, बांगड्यांचं दुकान बंद केलं, आता दिवसभर नाल्याकडच्या खिडकीत. "ताई, तुमच्या कोंबडीने आज उजाडायच्या आत दुकान उघडलं. दिसते कशी हो?" सांगितली. म्हणाले, "म्हणजे पुढून शुभ्र सदरा आणि मागे पानाची पिंक. आमच्या पेठेतलीच दिसते."

७ जुलै
लोणी काळभोरच्या एका सभासदाने ला.पा.च्या हाकेचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. विणीच्या दिवसांत आवाज वाजवायचा नाही, हा गटाचा नियम. नवीन लोकांना तो मीच सांगते.
वाजवला.
नर धावत उघड्यावर. मान ताणलेली, आपल्या हद्दीत कोण घुसलं ते शोधत. अप्रतिम फोटो. पुन्हा वाजवला, मादीही यावी म्हणून. आली. पिल्लं मागे एकटी. कावळे उतरले ते मी कॅमेऱ्यातूनच पाहिलं. मी ओरडले, पण फोटो झाल्यावर.

८ जुलै
गटावर वाहवा. "वसुधाताई, काय हा संयम!" खाली मी हात जोडलेले पाठवले. स्वतःची किळस येते. पाठवले मात्र.

११ जुलै
नाला गप्प. चाचांनी विचारलं, "कोंबडी बोलत नाही. आजारी आहे का?" म्हटलं, पाऊस आहे ना.
"पावसातच तर बोलायची."
त्यांची सून रेश्मा जिन्यात भेटली. चाचा खिडकी सोडत नाहीत, चहा गार होतो म्हणाली. मी भाजीची पिशवी नीट करत बसले.

१३ जुलै
करू नये ते केलं. स्वयंपाकघराच्या गॅलरीतून तेच रेकॉर्डिंग, हळू आवाजात. पलीकडून चाचा, "रेश्मा, आली बघ! आली!"
दुपारी रेश्मा वाटीभर शिरा घेऊन आली. जनाची नाही तर मनाची तरी, म्हणतात. मनाची आहे, पण उपयोग काय? शिरा संपवलाच.

१५ जुलै
कालही, आजही. ज्या आवाजाने घालवली त्याच आवाजाने म्हाताऱ्या माणसाला

पुढे लिहवत नाही.

१७ जुलै
आज वाजवलं नाही. जाऊन सांगायचं ठरवलं. वाटी रिकामी कशी द्यायची, म्हणून दोन बेसनाचे लाडू घातले. लाच दिल्यासारखं वाटलं.
तोंड उघडायच्या आधीच चाचा म्हणाले, "आज वाजवलं नाहीत?"
मी वाटी रेश्माच्या हातात दिली.
"रोज तीच हाक आणि मागे तीच आगगाडीची शिट्टी. कर्वेनगरात रेल्वे कधी आली?"
मी इतक्यांदा वाजवलं, रेकॉर्डिंगमधली ती शिट्टी एकदाही ऐकली नाही.
"मग त्या दिवशी 'आली' का म्हणालात?"
"तुम्ही एवढं मनावर घेऊन करत होता. पण ताई, त्याआधीही एकदा ती शिट्टी ऐकली होती. मग कावळे. मग तुम्ही ओरडलात." हसत नव्हते आता. "पिल्लं होती?"
होती, म्हटलं. रडू आलं, ते त्यांना दिसलं नाही, पण कळलं असणारच. समजूत घातली नाही त्यांनी. रेश्माला एवढंच म्हणाले, "ताईंना वाटी दे त्यांची." वाटी चाचांच्याच घरची होती, आत माझे लाडू तसेच.

१८ जुलै
गटासाठी लिहिलं: फोटो आवाज वाजवून काढला, पिल्लं त्यात गेली. चारदा वाचलं. पाठवलेलं नाही अजून.
सकाळी गॅलरीत गेले, कॅमेरा न घेता. चाचा खिडकीत होते. माझी चाहूल लागली, तरी मान नाल्याकडेच. पाणकणसांत काहीतरी हललं. शेपूट असेल, वारा असेल.
बऱ्याच वेळाने चाचा म्हणाले, "काही दिसतंय?"
हो म्हणणं किती सोपं होतं.
"थांबा चाचा," म्हटलं, "अजून नीट दिसत नाही."