दिवस मावळायच्या आत

१२ डिसेंबर २०२४

ती. आक्कास,

सुरेखाचा जयजिनेंद्र. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की अख्ख्या गल्लीला कळतं, म्हणून हे पत्र.

इकडे सगळं बरं. जिनेश पुण्यातच असतो. सूनबाई ब्राह्मी रोज माधवनगरला सुताच्या पेढीवर जाते. आधी एसटीने जायची, मग वडापने. पण माणसं कोंबल्याशिवाय जीप हलत नाही. म्हणून आता स्कूटर. सोय तिची आणि घोर माझा! उसाच्या ट्रॅक्टरांमधून पोर येते आणि मी दारात उभी.

आपल्यात दिवस मावळायच्या आत जेवायचं, आणि मी ब्राह्मीशिवाय ताटावर बसत नाही. तुझ्यासारखंच हट्टी हाड. त्यात थंडीत सूर्यालाच घरी जायची घाई.

सोमवारी ती आली तेव्हा कोपर सोललं होतं, ओढणीला रक्त. ट्रॉलीच्या पुढे काढताना गाडी घसरली होती. मी किंचाळले. तर ही आधी आभाळाकडे बघून म्हणते, "आत्या, हाय अजून उजेड. बसा बिगीबिगी, न्हाईतर उपाशी ऱ्हाशीला."

आक्का, माझ्या दोन भाकरींसाठी ती गाडी पळवत होती.

दुसऱ्या दिवशी तिला जादा डबा दिला. म्हटलं, "तितंच खा उजेडात, अन् सावकाश ये. मी बी येळंवर जेवती." तिला खरं वाटलं. आता ती हळू येते, अंधार पडल्यावर.

मी ताट वाढून घेते. पण गल्लीत तिची गाडी वळल्याशिवाय घास घशाखाली उतरत नाही, आणि ती वळते तोवर दिवस गेलेला असतो. मग जेवण गाईला घालते, ताट घासून पालथं ठेवते. तिने "जेवलासा?" विचारलं की ढेकर देते. तीन दिवस झाले. हे तुला लिहायचं नव्हतं, पण दुसऱ्या कुणाला सांगू?

तू व्रत घेतलेली, खोटं बोलले म्हणून रागावशील. रागाव. पण रविवारी ब्राह्मी तुझ्याकडे येणार आहे, स्कूटरवरच. माझ्या जेवणाचं ती तुला खोदून विचारणार. तेव्हा एवढंच सांग, आमची सुरेखा लहानपणापासून ताटावर कुणाची वाट बघत नाही.

आणि तिला उजेडात परत पाठव गं.

तुझी,
वेळेवर जेवणारी
सुरेखा