ग्रिपखालचा कागद

बुधवार, १४ तारीख
मैदानामागची सामानाची खोली

भिंगरी,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारतात, म्हणून विचारतो. कशी आहेस? आईंचा गुडघा कसा आहे? सोमवारी तुझा दादा येऊन तुझी किटबॅग घेऊन गेला. मी चहा पुढे केला, त्याने घेतला नाही.

इकडे चालू आहे. नवे चेंडू आले, त्यातले चार फुटके निघाले. गोलकीपरबाईंचे पॅड दारात वाळत टाकलेत, त्या वासाने कोचसर इकडे फिरकत नाहीत, तेवढाच फायदा. नवी फॉरवर्ड पोरगी तुझा नऊ नंबरचा शर्ट मागायला आली होती. धुवायला गेलाय म्हटलं. "तीन आठवडे?" म्हणाली. मी इतका खेकसलो की रडत गेली बिचारी.

आणि हो, त्या वार्ताहराची कॉलर धरली मी. 'ऐन वेळी हात थरथरले' असं छापलं होतं त्याने. एकशे बारा आंतरराष्ट्रीय सामने, एकाहत्तर गोल, आणि याला दिसलं काय, तर हात थरथरले. सतराव्या वर्षी पहिल्या दौऱ्यावर शेवटच्या चार मिनिटांसाठी उतरून तू गोल केलास. तुटलेल्या बोटाला पट्टी बांधून उपांत्य सामना खेळलीस. तुझे हात कसे आहेत ते मला विचारावं. तीन वर्षं तुझ्या हॉकी स्टिकच्या दांड्याला ग्रिपची पट्टी मीच गुंडाळतोय. डाव्या अंगठ्यापाशी ती आधी झिजते, हे तुझ्या आईंनाही माहीत नसेल.

दादा जाताना म्हणाला, "शनिवारी ती निवृत्तीचं पत्र देतेय. माझेच हात गेले, म्हणते." 

आता लिहितोच. तीन कागद फाडून झाले.

तीन आठवड्यांपूर्वी त्या पात्रता सामन्यात पेनल्टी स्ट्रोक घ्यायला तू उभी राहिलीस. गोल झाला असता तर आपण थेट विश्वचषकात होतो. चेंडू खांबाला घासून बाहेर गेला. नंतर खोलीत तू एवढंच म्हणालीस, "ग्रिप फिरली." मग सगळ्यांसमोर मला विचारलंस, "घट्ट होती ना रे?"

मी म्हणालो, "घट्ट होती."

खोटं बोललो. ग्रिप थेट दांड्यावर चिकटवायची असते. तुझ्या ग्रिपखाली कागद होता. मीच घातलेला, माझ्या अक्षरातल्या सात ओळी. तोंडाने सांगायची छाती नव्हती. वाटलं, सामनाभर तू त्या मुठीत धरशील, तुला कळणार नाही, मला कळेल. तेवढ्या सुखासाठी केलं. भर उन्हात घामाने कागद भिजला आणि वरची ग्रिप सुटली. सगळ्या जणी तुला ताई म्हणतात. मी एकदाही म्हटलं नाही, ते का, हे आता तरी कळलं असेल.

नोकरी जाईल म्हणून खोटं बोललो नाही. तू ज्या नजरेने बघितलं असतंस, तिला घाबरलो. आणि तू तीन आठवडे लोकांच्या शिव्या खात बसलीस.

सोमवारीच कोचसरांना सगळं सांगितलं. ते हसले. "अरे अर्धवट," (कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून त्यांनी ठेवलेलं नाव) "तू तिच्यासाठी खूनही कबूल करशील, हे अख्ख्या टीमला माहीत आहे. उद्या म्हणशील, तो खांबही मीच रोवला होता." मी टेबलावर मूठ आपटली, पाण्याचा ग्लास खाली पडून फुटला. तेव्हा कुठे ते गंभीर झाले. "स्टिक आण. कागद निघाला तर निवड समितीपुढे मी स्वतः उभा राहतो."

स्टिक तुझ्या किटबॅगेत आहे. तुझा फोन बंद. काल दोनदा दारात आलो, दादाने कडी काढली नाही. म्हणून हे पत्र. आईंच्या हातात देईन, त्या नाही म्हणायच्या नाहीत.

ग्रिप घरी उलगडू नकोस. कागद मागाहून घातला म्हणायला लोक कमी करणार नाहीत. स्टिक तशीच कोचसरांच्या टेबलावर ठेव आणि त्यांनाच ग्रिप उलगडू दे. ते कागद मोठ्याने वाचतील. पोरी हसतील, वर्षभर हसतील. हसू देत. शेवटची पात्रता स्पर्धा उरली आहे आणि तिच्या संघाची यादी शुक्रवारी दुपारी तीनला ठरते. तू एकोणतीस वर्षांची आहेस. या वेळी नाव गळलं तर परत लागत नाही, हे मी तुला काय सांगायचं.

माझा तिरस्कार कर, पण मैदानावर येऊन कर. त्या सात ओळींचं उत्तर मागत नाही. शनिवारचं पत्र तेवढं देऊ नकोस, पाया पडतो.

तुझा म्हणवून घ्यायचा हक्क घालवलेला, आणि शुक्रवारी सकाळपासून कोचसरांच्या दाराशी उभा असणारा,
अर्धवट