पिवळीचा मागचा दिवा

प्रिय हालवारकाका,

अकरा वर्षांनी पत्र लिहिताना तुला 'तुम्ही' म्हणावं की काय, यात माझे दोन दिवस गेले. शेवटी लहानपणचंच ठेवलं. खटकलं तर सांग, पुढच्या वेळी बदलेन. फोन केला असता, पण मला जे सांगायचंय ते क्रमानं सांगायला हवं. मध्येच फोन ठेवून दिलास तर अर्धीच गोष्ट तुझ्याकडे राहील, आणि अर्धी गोष्ट तुझ्याकडे आधीच आहे.

कारोला मला भेटली. गेल्या वर्षी बाबाला धडकलेला ओंडक्यांचा ट्रक चालवणारी. अंत्यसंस्काराच्या दिवशी ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली होती आणि कॉफीला न थांबता निघून गेली, एवढंच मला तिच्याबद्दल आठवत होतं. तिनं ट्रक सोडलाय. आता शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलते. "बटाटे समोरून येत नाहीत," असं म्हणाली आणि स्वतःच हसली, मग हसू थांबवता येईना तिला. शरद ऋतूत ती तुझ्याकडे माफी मागायला आली होती, हे तिनंच सांगितलं. तू तिला आत घेतलं नाहीस. दारातच म्हणालास, "तुझी काही चूक नाही, बाई. माझा भाऊ माझ्या दाराशी मरायला आला होता. मला दाखवायला." हे तिनं मला शब्द न बदलता ऐकवलं आणि विचारलं, "खरं आहे का गं?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ते खोटं होतं. त्यानं ठरवून केलं, असं मी गेलं वर्षभर धरूनच चालले होते. तुझ्या दाराशी का, एवढाच प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

तेव्हा आपण दोघंही एकच गोष्ट मानून बसलोय. मी ती तुझ्याआधी मानली. अपघातानंतर चौथ्या दिवशी चौकशीला आलेल्या पोलीसबाईनं विचारलं, गेल्या काही महिन्यांत त्यांची मनःस्थिती कशी होती? मी सांगितलं: आई गेल्यापासून नीट जेवत नव्हता, कामावरून दोनदा रजा घेतली, गोळ्या चालू होत्या. सगळं खरं होतं. मी प्रयोगशाळेत अहवाल लिहावा तसं तारखांसकट सांगितलं. तिनं ते लिहून घेतलं, मी सही केली. तिनं आणखी एक प्रश्न विचारला होता, तो पुढे सांगते.

आजोबांची पिवळी गाडी, बाबा त्या दिवशी चालवत होता ती, माझ्याकडे आहे. तुला वाटलं असेल ती कधीच भंगारात गेली. विमेवाल्यांनी तेच सुचवलं होतं. मी तिला कारखान्यातल्या योरानच्या कोठारात आणून ठेवलं. त्यानं कारण विचारल्यावर मी म्हणाले, सुटे भाग विकायचेत. तेरा महिन्यांत एक स्क्रूही विकला नाही. पुढचा डावा कोपरा चौतीस सेंटिमीटर आत गेलाय, दाराचा खांब वाकलाय, स्टिअरिंग बसण्याच्या जागेपर्यंत आलंय. ती दुरुस्त होणार नाही. मी तीनदा मोजलं. पण मागून आलं तर तिला काहीच झालेलं नाही. कोठाराचं दार उघडलं की पहिल्यांदा मागची बाजूच दिसते: आजोबांनी लावलेली गाडी ओढायची कडी, काचेवरचा माझा लहानपणीचा मुंगसासारखा दिसणारा कोल्ह्याचा स्टिकर, स्वच्छ क्रोम. वाटतं, कुणीतरी दुकानात गेलंय आणि आत्ता येऊन किल्ली फिरवेल. आत अजून त्याच्या स्नूस तंबाखूचा वास आहे. थंडीत तो यायला नको, पण येतो. म्हणून मी नेहमी मागूनच जाते आणि मागूनच परत येते. पुढे जाऊन बघायचं काम मी पहिल्या आठवड्यात उरकलं, मोजपट्टी घेऊन.

मागच्या त्या उलट्या बाकावर मी बसायचे, आठवतं? तोंड मागे करून. बाबा चालवायचा, तू शेजारी, आणि मला फक्त मागे पडणारा रस्ता दिसायचा. तुम्ही दोघं पुढे भांडत असायचात. तू म्हणायचास, "रूने, तू गाडी चालवतोस की गाय हाकतोस?" आणि तो म्हणायचा, "गाय तरी बरी, ती मोठ्या भावासारखी शिकवत नाही." मला चेहरे दिसत नसायचे, म्हणून कुठलं भांडण खरं आणि कुठलं खोटं हे मी आवाजावरून ओळखायला शिकले. आजोबांच्या अंत्यसंस्कारानंतरचं भांडण खरं होतं, हे मी अंगणात उभी राहून ओळखलं. तू आत कप विसळत होतास आणि त्यानं खुंटीवरची किल्ली काढून पिवळी नेली. तू ओला फडका हातात घेऊन बाहेर धावलास. "चोरासारखी नेतोस? विचारायची लाज वाटली?" आणि तो खिडकी खाली करून: "म्हातारा जिवंत असताना कधी एकदा तरी धुतलीस का तिला?" तेवढंच. त्या दोन वाक्यांवर तुम्ही दहा वर्षं काढलीत. तो रोज कामावर जाता-येता मोठ्या रस्त्यानं तुझ्या वाटेच्या तोंडावरून गेला आणि मान वळवली नाही. मी शेजारी बसलेली असायचे. मान न वळवणं किती कष्टाचं असतं, ते मला त्याच्या मानेच्या शिरेवरून कळायचं.

अपघाताच्या आदल्या शनिवारी तो माझ्याकडे आला होता. दालचिनीचे पाव घेऊन, आणि एकही न खाता. म्हणाला, "हालवारच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणे." मी म्हटलं, मग जा बघायला. "तो दार उघडणार नाही." मी म्हटलं, "मग इथंच बसून कॉफी गार कर." हे मी चिडून म्हटलं. त्याच्याशी माझं हे शेवटचं धड बोलणं. नंतर फक्त बर्फाच्या टायरांबद्दल एक संदेश.

आता गेल्या आठवड्याचं. आर्विकाहून एका निवृत्त सुतारमास्तरांचा फोन आला. त्यांच्याकडे अशीच गाडी आहे आणि त्यांना मागचा डावा दिवा हवा होता. "पोरी, या दिव्यासाठी मी बायकोसुद्धा दिली असती, पण ती आधीच गेली." मला नाही म्हणता आलं नाही. शनिवारी सकाळी कोठारात गेले. तो दिवा काढायला हत्यार लागत नाही. आतून पुठ्ठ्याचं झाकण उघडायचं आणि बल्बची बैठक हातानं फिरवायची. बैठक बाहेर आली आणि मी तिथंच, त्या उलट्या बाकावर, बसले.

काका, माझं रोजचं काम धातूचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याचं आहे. बल्बमधली तार पेटलेली असते तेव्हा मऊ असते. अशा वेळी गाडीला जबर धक्का बसला तर ती ओढलेल्या स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि तशीच राहते. विझलेली तार थंड आणि कडक असते. ती एकतर तुटते, नाहीतर होती तशीच राहते. म्हणजे धडकेच्या क्षणी कुठला दिवा पेटला होता, ते गाडी स्वतःमध्ये जपून ठेवते. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पोलिसांनी बघितलं नाही, कारण मरणारा एकटाच होता आणि कुणावर खटला भरायचा नव्हता. मी बघितलं नाही, कारण मला उत्तर माहीत आहे असं वाटत होतं आणि ते लेखी नको होतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी चार बल्ब कारखान्यात नेले. योरान म्हणाला, "गेला असेल तर नवा घे की, त्याचं शवविच्छेदन कसलं करतेस?" मग माझ्याकडे बघितलं आणि डबा घेऊन बाहेर गेला. ब्रेकचे दोन्ही बल्ब: तारा ताणलेल्या. त्याचा पाय ब्रेकवर होता. यावर मी थांबले असते, पण हे अर्धवट आहे. माणूस शेवटच्या क्षणी घाबरूनही ब्रेक दाबतो. मग वळणाचे दिवे. उजवा: तार घट्ट गुंडाळलेली, जशी कारखान्यातून आली तशी. डावा: तार ताणलेली, इतकी की वेटोळी एकमेकांपासून सुटी मोजता येत होती. चौदा. मी दोन वेळा मोजली. हा दिवा उघडमीट करतो. धडक विझलेल्या अर्ध्या सेकंदात बसली असती, तर मला बहुधा काहीच कळलं नसतं. ती पेटलेल्या अर्ध्यात बसली.

पोलीसबाईचा तो दुसरा प्रश्न हा होता: धडक झाली तिथून डावीकडे फुटणाऱ्या वाटेला त्यांचं काही काम होतं का? मी म्हटलं, शक्यच नाही. त्या वाटेवर फक्त माझा काका राहतो. गावात कुणालाही विचारलं असतं, तरी हसून हेच सांगितलं असतं. आणि कारोला म्हणत होती की वळणाचा दिवा दिसला नाही. तेही खरं आहे. दुपारचे दोन, फेब्रुवारी, ऊन जमिनीला टेकलेलं आणि तिच्या पाठीशी. त्या उन्हात नारिंगी काच पेटलीय की नुसती चमकतेय, ते कुणालाही कळणार नाही. आणि बाबाच्या बरोबर डोळ्यांत तेच ऊन होतं. त्याला ट्रक दिसलाच नाही. मरायला निघालेला माणूस मागच्याला दिवा दाखवून वळत नाही, काका. मागे कुणी नव्हतं तरी त्यानं दाखवला. आजोबांनी तुम्हा दोघांना रिकाम्या जंगलातही दाखवायला लावला होता ना.

मंगळवारी मी कारोलाला फोन केला. ती म्हणाली, "म्हणजे त्यानं मला निवडलं नव्हतं." मी म्हटलं, नाही. पोलिसांना माझं म्हणणं दुरुस्त करणारं पत्र आज टाकलं. राहिलास तू. तो तुझ्याकडे वळत होता. गुडघा बघायला की भांडायला की पिवळी परत द्यायला, ते तारेत दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते मी लिहिणार नाही. कारोला म्हणाली की तू मोठ्या रस्त्याकडची वाट टाकून दिली आहेस, मागच्या जंगलातून तीन किलोमीटर चालत दुकानात जातोस, त्या गुडघ्यावर, आणि वाटेवर कमरेएवढा बर्फ साचलाय. मी येत्या रविवारी येणार आहे. माझ्या गाडीनं, मोठ्या रस्त्यावरून, आणि तुझ्याच वाटेला डावीकडे वळेन. ऊन डोळ्यांत येऊ नये म्हणून सकाळी दहाला. तोवर बर्फ काढून ठेव.

तुझीच,
दीसा