चेनसॉचे आटे आणि जावयाचा हेका

शिवाजी पेठ, कोल्हापूर
अधिक ज्येष्ठ, शुक्ल पक्ष

चि. विजयसिंह यास दाजींचे अनेक आशीर्वाद. मी आणि तुझी आक्का ठणठणीत आहोत. राधानगरीत वळीव झाला का, म्हैस व्याली का, मामांचा गुडघा काय म्हणतो, ते कळवावे. (तुझ्या रागाची प्रकृती परवा फोनवर समजलीच.)

परसातला वाळका शेवगा पाडायला तुझी चेनसॉ आणली, हे खरे. (कोयता पुरला असता, असे आक्का आता म्हणते.) साखळीवरच्या झाकणाचा बोल्ट ढिला होता, हेही खरे. पण "दाजी, गच्च आवळा, मागं-म्होरं बघू नका" हे वाक्य तुझे. मी पान्याला पाईप लावून आवळला. (आमच्या पेठेत गच्च म्हणजे गच्च, त्याला मोजमाप नसते.) कट्ट झाले आणि बोल्ट बंध सुटलेल्या मुक्तात्म्यासारखा जागच्या जागी फिरू लागला. भोकातले आटे गेले. आज्ञा पाळणाऱ्याला दोष लागतो असे मी शिकलेल्या शास्त्रांत तरी कुठे नाही.

त्यावर तू म्हणालास, "त्यो बोल्ट हाय दाजी, श्लोक न्हाय. मशीन हिकडं धाडा, आन् हात लावू नका आता." धाडणार नाही. ती टेम्पोतून उतरावी आणि "दाजींनी मोडली की" म्हणत तुमच्या आळीने हसावे, हे मला मान्य नाही. माझ्या हाताने बिघडली, माझ्याच हाताने नीट होईल. म्हणून उद्यमनगरातून सामान आणले, भोक मोठे केले, नवे आटे पाडले आणि त्यात तारेचे वेटोळे बसवले. जुनाच बोल्ट त्यात जातो. दुकानदार म्हणाला होता, चिकटवायचा गम फक्त वेटोळ्याला, तोही बाहेरून. मी बोल्टालाही लावला. अर्धवट काम मला जमत नाही. आता तो तसूभर हलत नाही. तुला गच्चच हवा होता ना?

तेव्हा माझ्या हातांविषयीचे उद्गार तू भर पंगतीत मागे घ्यावेस. मामा-मामींना नमस्कार.

तुझे दाजी,
बाळासो

ता. क. : बोल्ट निघाल्याशिवाय झाकण निघत नाही आणि झाकण ढिले केल्याशिवाय साखळी ताणता येत नाही, असे आता कळते. सध्या ती जराशी लोंबते. शेवगा उभा आहे.

आणखी एक : धोंड्याच्या महिन्याचे जावयाला जेवण आहेच. यंदा चांदीचे निरांजन नको. वाण म्हणून हीच मशीन द्यावी. म्हणजे ती माझी होईल, आणि जावयाला दिलेले वाण उघडून बघायची आपल्यात पद्धत नाही. आणायची तसदी घेऊ नकोस. ती इथेच आहे.