वाचून दाखवलेलं पत्र

क्लीव्हलंड, २८ ऑक्टोबर १९७४

ती. शामलाताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुम्ही सगळे दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलात, तेव्हा मी कुठे निघाले होते सांग बरं? कॅनडात! कॉलेजनं वर्षभर ज्यांच्या घरी माझी सोय केली आहे ते मिलरसाहेब मला शनिवार-रविवारसाठी परदेशी घेऊन गेले. मी आधीच परदेशात, त्यातून आणखी परदेश! पूल ओलांडला, पासपोर्ट दाखवला, झालं. नायगाऱ्याच्या धबधब्यानं लांबूनच भिजवलं. काकूंनी विणलेल्या स्वेटरचं पार पोतेरं झालं.

मुक्कामाला हॉटेलात एकच खोली मिळाली. एका पलंगावर साहेब नि बाई, दुसऱ्यावर साहेबांची म्हातारी आई नि मी, आणि त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा टॉम खाली गादी टाकून. म्हातारी घोरते अशी की धबधबा परवडला! मला थंडी वाजते म्हणून तिनं माझा हात धरून ठेवला होता.

बायजाआत्यांना नेहमीसारखं वाचून दाखव. त्यांना अक्षरओळख नाही, पण होणाऱ्या सुनेच्या पत्राची वाट मनोहररावांपेक्षा त्याच जास्त पाहतात. लग्नाची पांढरी साडी तुझ्या पेटीत आहे, डांबरगोळ्या बदल. जूनमध्ये मी आलेच. आई-बाबांच्या मागं मला काका-काकू नि तुझ्याशिवाय कोण आहे? तुझा लोभ समुद्रापलीकडेही येत राहू दे.

तुझी,
प्रेमिला

नागपूर, १२ नोव्हेंबर १९७४

चि. प्रेमिलास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. रविवारी आत्या आल्या. अंगणात चहा दिला नि वाचायला बसले. शेजारच्या सिंधूताईही होत्या, म्हणून जरा मोठ्यानं वाचलं. एकच खोली मिळाली इथवर आले नि माझा घसा सुकला. पाणी प्यायला उठले. परत येऊन बसले तर नजर थेट टॉमवर गेली. साहेब, बाई, आजी, दोन्ही पलंग, एवढं मधलं राहून गेलं बघ. वाचणारं माणूस आहे, मशीन थोडंच आहे!

आत्यांनी बशी खाली ठेवली. म्हणाल्या की परक्या पोरासंगं एका खोलीत निजलेली सून मले नको. तू तशी नाहीस हे मी परोपरीनं सांगितलं. पण जिची बाजू एवढी घ्यावी लागते तिच्याबद्दल लोकांना संशय येतोच ना? साक्षगंधाची अंगठी पोस्टानं परत पाठव असा निरोप आहे.

थंडीत जप. हात धरायला तिकडे कोणीतरी आहेच. आमच्यावर राग धरू नये, माया असू द्यावी.

तुझी,
शामलाताई

क्लीव्हलंड, २३ नोव्हेंबर १९७४

ती. शामलाताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

असं काहून केलंस वं? ते पत्र घेऊन आजच आत्यांकडे जा नि पुरतं वाच. तू एकदा मधलं वाचलंस की सगळं मिटेल. मनोहररावांनाही मी घरच्या पत्त्यावर काल नि आज अशी दोन पत्रं टाकली. ऑफिसच्या पत्त्यावर लिहिणं बरं दिसत नाही म्हणून थांबले आहे.

मला जेवण जात नाही. आजी मला चमच्यानं सूप भरवते. ताई, तुझ्या पाया पडते. त्या घराशिवाय मी दुसरं कुठलं घर मनात आणलेलं नाही. अंगठी बोटातच आहे. लहान बहिणीवरचा लोभ एवढ्या वेळी तरी राख.

तुझीच,
प्रेमिला

नागपूर, १८ डिसेंबर १९७४

चि. प्रेमिलास,
अनेक आशीर्वाद.

आनंदाची बातमी. रविवारी मनोहररावांशी माझं लग्न झालं. आत्यांना घरातलीच, पाहिलेली मुलगी हवी होती. वेळ थोडा, म्हणून साडी तुझीच नेसले. फॉल-पिको झालेलं होतंच. अंगाला छान बसली.

तू त्यांना लिहिलेली दोन्ही पत्रं आत्यांनी त्यांच्या हाती न देता माझ्याकडेच आणली होती. तू चूक कबूल करून माफी मागितली आहेस, असं मी वाचलं. तेवढ्यानं आत्यांचं मन शांत झालं. पहिलं पत्र चुलीत गेलं, तेव्हा पुरतं वाचायचा प्रश्नच मिटला.

लहानपणापासून प्रत्येक गोष्ट तुला पहिली मिळाली. आईबापाविना पोर म्हणून पुस्तकं तुला, बक्षिसं तुला, विमानही तुला. मी तुझ्याहून चार वर्षांनी मोठी नि तुझ्या साक्षगंधात पानं वाढत होते. आता घरातली सगळी पत्रं मीच वाचते. लिहीत जा. मोठ्या बहिणीवर लोभ होता तसाच असो.

तुझी,
सौ. शामलाताई

क्लीव्हलंड, ३० डिसेंबर १९७४

ती. बायजाआत्या यांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

हे पत्र तुमची सूनबाई तुम्हाला वाचून दाखवत असेल. तिला सांगा, हळू वाच नि एकही ओळ गाळू नको.

त्या खोलीत मी साहेबांच्या म्हाताऱ्या आईजवळ निजले होते. पलीकडे साहेब नि बाई होते. हे मी तेव्हाच लिहिलं होतं. शामलाताईनं ते तुम्हाला वाचलं नाही. माफी मी कधीच मागितली नव्हती. हे सगळं तिनं स्वतःच्या अक्षरात मला कळवलं आहे.

तिची ती दोन्ही पत्रं आणि साक्षगंधाची अंगठी मनोहररावांच्या ऑफिसच्या पत्त्यावर आजच रजिस्टरनं पाठवली. मला परत काही नको. संध्याकाळी ते घरी आले की ती पत्रं त्यांच्याकडून वाचून घ्या.

आत्या, वाचता वाचता तिचा घसा सुकला असेल तर पाणी द्या. पाणी पिऊन झालं की याच ओळीपासून पुन्हा वाचायला लावा.

तुमची होता होता राहिलेली,
प्रेमिला