सहाकोनी ठिगळांचा चेंडू

चि. बाळ यास,
आईचे आशीर्वाद. सांगते मी, लिहिते तुझी लेक, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

पोरगी बरी आहे. मी समोर बसले की जेवते.

रेट्रो की काय म्हणतात, त्या व्हायरसची कच्ची पिल्लं गोठवून ती मोठ्या यंत्राखाली फोटो काढते. आत सहाकोनी तुकड्यांचं गोल कवच असतं, मध्येमध्ये फटी. तिचा साहेब दीडशहाणा. म्हणे, "तुझ्याच हातून फुटलंय. महिन्याभरात अखंड दाखव, नाहीतर दुसरं काम बघ." एवढा शिकला, पण मेल्याने कधी सुई धरली नाही!

मी जन्मभर ठिगळं जोडली. नुसत्या सहाकोनी ठिगळांची चादर होते, चेंडू होत नाही. गोल करायला गेलं की फटी राहतातच. काल तसा चेंडू शिवून, पोरीबरोबर जाऊन त्याच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, "घ्या, बुजवा फटी." तासभर झटला गाढव.

"आजी, गाढव लिहू?" विचारते. लिही!

शेवटी खाली मान घालून पोरीला म्हणाला, "ते फटींचे फोटो पुन्हा आण." चेंडू मात्र परत दिला नाही.

सूनबाईची कंबर कशी आहे? माझा सुयांचा डबा कुणी हलवला नाही ना?

तुझी,
अंगठेबहाद्दर आई