राहिलेले दोन महिने

३ मे, शिनोली
हिचा उजवा हात प्लास्टरमध्ये. दीड महिना तरी शिवण बंद. शिलाई मशीन भाड्याचं. चोवीस महिने भाडं भरलं की आपलं. बावीस झाले आणि ही ओट्यावरून पडली. मुदत मागून बघा म्हणते.

५ मे
नारायणगावला दुकानात गेलो. शेठ माणूस बरा. चहा पाजला. म्हणाले, मुदत वाढवू, जुना करार तसाच पुढे चालेल. फक्त आमचा माणूस मशीन बघून जाईल. लई हलकं वाटलं.

९ मे
माणूस आला. फोटो काढले. नावाचाही काढला. गेल्या महिन्यात मीच घोडेगावात भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून मशीनवर 'सौ. शकुंतला' कोरून घेतलं. ताटावर घालतो, तांब्यावर घालतो, मशीनवर का नको? ही तेव्हा म्हणाली होती, "आपलं झाल्यावर घाला की." मला दम निघाला नाही.

१२ मे
शेठचा फोन. वस्तूत बदल केला की जुन्या करारावर मुदत नाही, तसं कलमच आहे. नवा करार, चोवीस महिने पहिल्यापासून. नाहीतर मशीन परत. एका नावापायी बावीस महिने पाण्यात. हिला सांगितलं. ऐकून डाव्या हाताने मशीनवर कापड टाकलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं.

१६ मे
घोडेगावच्या वकीलबाईंकडे. म्हणाल्या, जुना करार आहे तोवर भांडायला जागा आहे, ग्राहक आयोगात जाऊ. किती दिवस लागतील ते विचारू नका. पण नव्यावर सही झाली की जुना संपला. करार हिच्या नावावर, सही हिचीच लागणार. "त्यांना सांगून ठेवा, कशावरही सही करायची नाही." मी हसलो. प्लास्टरच्या हाताने कसली सही.

१९ मे
तक्रारीचा अर्ज लिहून घ्यायला पुन्हा वकीलबाईंकडे. एसटी चुकली, यायला उशीर. मशीन जागेवर. हिच्या डाव्या अंगठ्याला शाई.
"दुकानातलं दोघं टेम्पो घेऊन आलं व्हतं. मशीन उचलायलाच लागलं. मंग दिला नव्या करारावर अंगठा."
ही सातवी शिकलेली. आयुष्यात कधी अंगठा दिला नव्हता. वकीलबाईंना सकाळी फोन करायचा. जबरदस्तीने घेतलेला अंगठा चालतो का, विचारायचं. पण जबरदस्ती म्हणायला ही तयार नाही. "मीच दिला," म्हणते.